खोली केवढी, यंत्र केवढे?
हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने करावयाचा साधा हिशेब

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हवा शुद्ध करणारे यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, ही आपल्या वस्तीतील चर्चेची गोष्ट नव्हती. ती साहेबांच्या केबिनमधील आणि मोठ्या फ्लॅटमधील वस्तू होती. आता तसे राहिलेले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली आणि महानगरपालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली. चंद्रपूरच्या लोकांना तर हे नवे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूरचे नाव होते. हिवाळा लागला की लहान मुले खोकतात, म्हाताऱ्या माणसांना धाप लागते, दवाखान्यापुढे रांग लागते. मग कोणीतरी सांगते, "एक यंत्र मिळतं, ते घ्या. हप्त्यावर मिळतं."

हप्ता म्हटला की आमच्या पोटात गोळा येतो. आठ-दहा हजारांचे यंत्र म्हणजे कष्टकरी कुटुंबाच्या महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा. तो खर्च मुलाच्या छातीसाठी होणार असेल तर कोणतीही आई मागेपुढे पाहणार नाही. म्हणूनच हा खर्च डोळसपणे झाला पाहिजे. खोलीच्या मानाने लहान यंत्र घेतले तर पैसे गेले आणि हवा होती तशीच राहिली, असे होते. गरजेपेक्षा फार मोठे घेतले तर ज्या पैशात मुलाची वर्षाची फी भागली असती ते पैसे उगाच अडकले. दुकानदार सांगतो म्हणून मानायचे नाही, आणि शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यायचे नाही. हातात टेप घ्यायची, खोली मोजायची आणि आकडेमोड करायची. चौथी-पाचवीतल्या मुलालाही जमेल असा हा हिशेब आहे.

हे यंत्र नेमके काय करते?

आधी यंत्र समजून घेऊ. त्याच्या पोटात एक पंखा असतो आणि पंख्यापुढे घड्या घातलेल्या बारीक तंतूंचा जाड कागदासारखा फिल्टर असतो. पंखा खोलीतील हवा आत ओढतो, फिल्टर तिच्यातील धूळ अडवतो आणि स्वच्छ हवा बाहेर पडते. याला हेपा फिल्टर म्हणतात. हवेत तरंगणारे जे अतिसूक्ष्म कण नाकातील केसांना न जुमानता थेट फुप्फुसात उतरतात त्यांना पीएम २.५ म्हणतात. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यावरून हे कण किती लहान असतील याची कल्पना यावी. चांगला हेपा फिल्टर असे जवळजवळ सर्व कण पकडतो.

आपल्या देशात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ असावी असे सांगितले. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात ठेवावे. सरकारी भाषेत 'समाधानकारक' असलेली हवाही दमेकरी मुलाला समाधान देईलच असे नाही.

मग यंत्र लहान पडते म्हणजे काय होते? फिल्टर कितीही उत्तम असला तरी पंखा हवाच कमी ओढत असेल तर उपयोग काय? हौदाचे पाणी तांब्याने उपसण्यासारखे ते आहे. तांब्या स्वच्छ आहे, उपसणाराही प्रामाणिक आहे, पण वरून नळ चालूच आहे. दाराच्या फटीतून आणि खिडकीतून बाहेरची धूळ सतत आत येत असते. यंत्राने तिच्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने हवा गाळली पाहिजे. म्हणूनच यंत्राचा आकार खोलीच्या आकारावरून ठरवावा लागतो.

खोक्यावरचा एकच आकडा पाहावा

दुकानात खोक्यावर बरेच काही लिहिलेले असते. सात थरांचा फिल्टर, निळा दिवा, आयन, मोबाइलवरून चालणारे वगैरे. आपण एकच आकडा शोधायचा. त्याचे नाव सीएडीआर. यंत्र एका तासात किती घनमीटर स्वच्छ हवा देते हे तो आकडा सांगतो. काही खोक्यांवर तो सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असा दिलेला असतो. त्याला १.७ ने गुणले की घनमीटरचा आकडा मिळतो. १५० सीएफएम म्हणजे तासाला २५५ घनमीटर. खोक्यावर सीएडीआर लिहिलेलाच नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ते यंत्र तिथेच ठेवून यावे.

'पाचशे स्क्वेअर फुटांना चालेल, ताई' या वाक्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ते वाक्य खोटे असते असे नाही, पण त्यामागचा हिशेब आपल्याला सांगितला जात नाही. चीनमधील एका मानकात खोलीचे क्षेत्रफळ काढण्यासाठी सीएडीआरला ०.०७ पासून ०.१२ पर्यंतच्या आकड्याने गुणण्याची रीत आहे. ४०० सीएडीआरचे यंत्र लहान आकड्याने गुणले तर २८ चौरस मीटरला, म्हणजे सुमारे ३०० चौरस फुटांना पुरते. मोठ्या आकड्याने गुणले तर तेच यंत्र ४८ चौरस मीटरला, म्हणजे ५०० हून अधिक चौरस फुटांना पुरते. जाहिरातीत कोणता आकडा मोठ्या अक्षरात छापतात हे सांगायला नको. यंत्र तेच, पंखा तोच, मात्र घर दुपटीच्या जवळपास मोठे होते!

खोली मोजण्याची रीत

आता आपला हिशेब. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजावी. तिन्हींचा गुणाकार केला की खोलीत किती घनफूट हवा मावते ते कळते. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५ घनफूट असतात, म्हणून त्या गुणाकाराला ३५ ने भागावे. खोलीतील सगळी हवा तासाला पाच वेळा गाळली जावी हे चांगले प्रमाण समजले जाते. म्हणून आलेल्या भागाकाराला पाचाने गुणावे. जे उत्तर येईल तेवढा सीएडीआर आपल्याला हवा.

बीडीडी चाळीतील खोलीचे उदाहरण घेऊ. तिचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. उंची दहा फूट धरली तर १,६०० घनफूट झाले. ३५ ने भागले की सुमारे ४६ घनमीटर. त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे २३०. या खोलीला २३० च्या आसपास सीएडीआरचे यंत्र लागेल.

आता दहा बाय दहाची झोपण्याची खोली घेऊ. उंची नऊ फूट. गुणाकार ९००. ३५ ने भागून सुमारे २६. त्याच्या पाचपट १३०.

एवढाही हिशेब नको असेल तर एक सोपी युक्ती आहे. आपल्या आजोबांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, दीडकीचे पाढे घोकून घेत. त्यातली दीडकी इथे कामाला येते. नऊ-दहा फूट उंचीच्या खोलीचे जितके चौरस फूट असतील त्याच्या दीडपट सीएडीआर घ्यावा. १०० चौरस फुटांना १५०, १२० ला १८०, १६० ला २४०, २०० ला ३००. हिशेबापेक्षा हे उत्तर थोडे जास्त येते, पण ते जास्तीचे पुढे उपयोगी पडते. छत बारा फुटांचे असेल तर दीडपटीऐवजी पावणेदोनपट धरावे. खोलीत माळा असेल तर माळ्याखालची आणि माळ्यावरची हवा एकच आहे हे विसरू नये. उंची जमिनीपासून वरच्या छतापर्यंतच मोजावी.

घर मोजू नका, झोपण्याची खोली मोजा

झोपडपट्टी पुनर्वसनातील घरे पूर्वी २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ ची आणि त्यानंतर ३०० ची झाली. वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण यंत्र घेताना सगळे घर डोळ्यांपुढे आणण्याची गरज नाही. ३०० चौरस फुटांच्या घराला दीडकीने ४५० सीएडीआरचे यंत्र लागेल आणि ते महाग पडेल. शिवाय मध्ये भिंती असल्या की एका खोलीतील यंत्राची हवा दुसऱ्या खोलीत नीट पोहोचत नाही.

माणूस एका जागी सलग सर्वांत जास्त वेळ श्वास घेतो तो झोपेत. सात-आठ तास. म्हणून ज्या खोलीत आजारी माणूस किंवा लहान मूल झोपते तेवढीच खोली मोजावी आणि तेवढ्यापुरतेच यंत्र घ्यावे. दिवसा दार उघडे, पोरे आत-बाहेर करतात, शेजारीण येऊन बसते. ही आपल्या वस्तीची रीत चांगलीच आहे, ती यंत्रासाठी मोडू नये. रात्री दार लावल्यावर यंत्र लावावे. दोन खोल्यांना लागलेच तर दोन लहान यंत्रे घेता येतात. एकाच मोठ्या खोलीत दोन ठेवली तर त्यांच्या सीएडीआरची बेरीज होते.

खिडकी उघडी की बंद?

आता एक गणित मुद्दाम मांडतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. समजा बाहेर पीएम २.५ चे प्रमाण १२० आहे. दारे-खिडक्या लावलेल्या आहेत आणि फटींमधून तासाला एकदा खोलीभर हवा बदलते. घरात दुसरा धूर नाही.

आपले यंत्र तासाला पाच वेळा हवा गाळते. फटीतून येणारा एक भाग आणि यंत्राचे पाच भाग, एकूण सहा. म्हणून आतील धूळ बाहेरच्या एकषष्ठांश, म्हणजे २० च्या आसपास राहील. यंत्र लहान असेल आणि तासाला दोनच वेळा हवा गाळत असेल, तर एकतृतीयांश, म्हणजे ४० राहील. आता पाच वेळा गाळणारे यंत्र चालू आहे, पण खिडकी सताड उघडी आहे आणि तासाला दहा वेळा बाहेरची हवा येते असे धरा. पंधरा भागांपैकी दहा भाग मळकी हवा. आतील प्रमाण ८० राहील. पैसे तेवढेच गेले, वीज तेवढीच जळली आणि श्वासात चौपट धूळ गेली.

याचा अर्थ खिडकी कायमची बंद करावी असा मुळीच नाही. इथे आम्हाला फार स्पष्ट बोलावेसे वाटते. एका लहान खोलीत पाच माणसे दार-खिडकी लावून रात्रभर झोपली तर हवा कोंदट होते. यंत्र धूळ गाळते, नवा प्राणवायू आणत नाही. आणि आपल्या वस्त्यांना क्षयरोगाचा जुना शाप आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास होऊन २०१८ मध्ये जे समोर आले ते डोळे उघडणारे होते. दाटीने उभ्या केलेल्या इमारतींत खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही आणि तिथेच क्षयरोग अधिक. ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे त्या घराला सर्वांत आधी वारा आणि ऊन हवे आणि औषध पूर्ण हवे. तिथे यंत्राच्या भरवशावर खिडकी लावून बसणे धोक्याचे आहे.

मग करावे काय? शहराच्या हवेचा आकडा रोज पाहता येतो. केंद्रीय मंडळाचे 'समीर' नावाचे मोबाइल ॲप आहे. आकडा १०० च्या आत असला की दारे-खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात, यंत्र बंद ठेवावे. २०० च्या वर गेला की खिडक्या लावून यंत्र चालवावे. मधल्या दिवसांत, जेव्हा बाहेर वाहतूक आणि धूळ कमी असेल तेव्हा तास-दोन तास घर मोकळे करावे. रात्रीही एखादी खिडकी बोटभर किलकिली ठेवावी. त्यासाठीच दीडकीतील ते जास्तीचे माप उपयोगी पडते.

पत्र्याच्या घराचे काय? भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट असते. तिथून वारा मनमुराद येतो. अशा घरात यंत्र चालवणे म्हणजे अंगणात पंखा लावणे. फटी बुजवाव्यात तर उन्हाळ्यात भट्टी होते. अशा घरांना आम्ही यंत्र घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यांच्यासाठी पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

आधी घरातला धूर घालवा

बाहेरच्या धुळीला आपण शिव्या देतो आणि घरातच धूर करतो. डासांसाठी लावलेली एक जळती कॉइल घ्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की एक कॉइल पूर्ण जळताना जितके पीएम २.५ कण सोडते तितके कण ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यावर निघतात. बंद खोलीत उशाशी कॉइल आणि पायथ्याशी हवा शुद्ध करणारे यंत्र, हा प्रकार म्हणजे एका हाताने खड्डा खणायचा आणि दुसऱ्या हाताने बुजवायचा. मच्छरदाणी काही शे रुपयांत मिळते. तिला वीज लागत नाही, फिल्टर लागत नाही आणि ती डेंग्यू-मलेरियापासूनही वाचवते.

वंदनेच्या वेळी लावलेल्या अगरबत्तीचेही तसेच. घरात दमेकरी असेल तर अगरबत्तीऐवजी फुले वाहिली तर वंदनेत काही उणे पडत नाही. घरातील पुरुष मंडळींनी विडी-सिगारेट घरात ओढू नये, हे सांगण्याची वेळ खरे तर येऊ नये. सकाळी कोरड्या झाडूने केलेली झाडलोट रात्रभर बसलेली धूळ पुन्हा हवेत उडवते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. स्वयंपाकात फोडणी आणि तळण चालू असताना खिडकी उघडावी, शक्य असेल तर भिंतीत धूर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा. हवेच्या यंत्राला त्या वेळी बंद ठेवावे, नाहीतर तेलाची वाफ फिल्टरवर बसून तो लवकर निकामी होतो. गावाकडे चूल पेटत असेल तर तिथे यंत्राचा विचारही नको. पहिला खर्च गॅसचा.

एवढे केल्यावरही मुलाचा खोकला, धाप कमी होत नसेल, तर मग यंत्राचा विचार करावा. आणि यंत्र आले म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये. पंप औषध आहे. यंत्र फक्त त्याचे काम थोडे सोपे करते.

विकत घेताना

कंपनी सांगते तो सीएडीआर पंखा सर्वांत जोरात चालतो तेव्हाचा असतो. तेव्हा आवाजही सर्वांत जास्त. रात्री बाळ झोपेना म्हणून आई बटण हळूवर नेते आणि हवा निम्म्याहून कमी गाळली जाऊ लागते. यासाठी दुकानात यंत्र चालू करून आवाज ऐकावा. मधल्या वेगावर किती सीएडीआर मिळतो तेही विचारावे. हप्त्यात फार फरक पडत नसेल तर एक पायरी मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे चांगले.

फिल्टरची किंमत यंत्राच्या किमतीबरोबरच विचारावी. हेपा फिल्टर धुता येत नाही. वापर आणि धूळ यांप्रमाणे तो सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत टिकतो, मग बदलावाच लागतो. यंत्र स्वस्त आणि फिल्टर महाग असा सौदा बाजारात पुष्कळ आहे. आपल्या गावात फिल्टर मिळतो का, तेही पाहावे. बाहेरची जाळी मात्र पंधरा दिवसांनी काढून साफ करावी. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नवीन यंत्रातील फिल्टर बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत असतो. ती पिशवी काढूनच यंत्र सुरू करावे. पिशवीसकट महिनोन् महिने चालवलेल्या यंत्रांच्या कथा काही कमी नाहीत.

खोक्यावर 'हेपा' लिहिले आहे की 'हेपासारखे', हे नीट वाचावे. 'सारखे' हा शब्द फसवा आहे. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नये, ओझोन छातीला त्रासदायक असतो. फिल्टर नसलेली, नुसते आयन सोडणारी स्वस्त खेळणी टाळावीत. कोळशाचा, म्हणजे कार्बनचा थर वास थोडा कमी करतो, पण लहान यंत्रात तो पातळ असतो आणि लवकर भरून जातो. कारखान्याचा वायू किंवा रिफायनरीचा उग्र वास रोज येत असेल तर त्याला हे यंत्र पुरे पडणार नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू तर ते अजिबात अडवत नाही. म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून 'यंत्र आहे ना' म्हणणे जिवावर बेतू शकते.

विजेची भीती मात्र बाळगू नये. चाळीस वॉटचे यंत्र रोज दहा तास चालले तर महिन्याला बारा युनिट होतात. आपल्या बिलावरचा दर पाहून गुणाकार करावा.

यंत्र घरी आणल्यावर ते कपाटामागे किंवा पलंगाखाली दडवू नये. भिंतीपासून फूटभर अंतरावर, झोपणाऱ्याच्या जवळ, हवेची वाट मोकळी राहील असे ठेवावे. खोलीतील छताचा पंखा चालू असला तरी चालतो. झोपण्यापूर्वी अर्धा तास दार लावून जोरात चालवावे, मग वेग कमी करावा.

विहार आणि अभ्यासिका

काही ठिकाणी विहारातील अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून यंत्र घेण्याचा विचार निघू शकतो. भावना चांगली आहे, पण तिथलाही हिशेब करावा. तीस बाय वीसचे सभागृह, उंची बारा फूट. गुणाकार ७,२००. ३५ ने भागून सुमारे २०६ घनमीटर. त्याच्या पाचपट १,०३०. म्हणजे २५० सीएडीआरची चार यंत्रे लागतील. एकच यंत्र कोपऱ्यात ठेवून देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तर पाटी दिसेल, हवा तशीच राहील. शिवाय चाळीस मुले एकत्र अभ्यास करतात तिथे खिडक्या मोकळ्याच हव्यात. त्याच पैशात समोरासमोरच्या खिडक्या दुरुस्त करून घ्याव्यात, एक्झॉस्ट पंखे बसवावेत. लहान बालवाडीची खोली असेल आणि समोर मोठे बांधकाम चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे माप घेऊन यंत्र जरूर घ्यावे.

हवा सर्वांची आहे

आणखी एक विचार मांडून थांबतो. यंत्राने आपण एक खोली वाचवतो, तीही रात्रीपुरती. पण आपल्यातील कितीतरी बंधू-भगिनी दिवसभर रस्ता झाडतात, कचरा उचलतात, सिमेंटची पोती वाहतात, रिक्षा चालवतात. त्यांच्या छातीत जाणारी धूळ कोणत्या यंत्राने गाळायची? त्यांना नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क कामावरून मिळायला हवा, आणि तो मागताना संकोच नको.

१९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९८१ पासून आहे. रिफायनऱ्यांच्या शेजारी माहुलला पुनर्वसनाच्या नावाखाली पाठवलेल्या कुटुंबांनी हाच हक्क धरून लढा दिला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडे द्या, असे शासनाला बजावले. ती कामे कोणत्याही यंत्राने झाली नसती. माणसे एकत्र आली, तारखा, फोटो, दवाखान्याचे कागद जमवले आणि विचारत राहिली.

वस्तीशेजारी पाणी न मारता बांधकाम चालू असेल, कचरा जाळला जात असेल, उघड्या ट्रकमधून राडारोडा वाहिला जात असेल तर वॉर्ड ऑफिसात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. एकाने देण्यापेक्षा चाळीतील वीस घरांनी सह्या करून द्यावी.

यंत्र घ्यायचेच असेल तर या रविवारी घरातल्या मुलाच्या हाती टेप द्या. लांबी, रुंदी, उंची वहीत लिहून घ्या आणि दीडकी म्हणून पाहा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या. दुकानदाराने पाचशे स्क्वेअर फूट म्हटले की चिठ्ठी पुढे करा आणि विचारा, "सीएडीआर किती?"